दऱ्यांचा दर्या करू नका: छायाचित्रकारांची संकेतस्थळे घडवणाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
छायाचित्रकारांसाठी संकेतस्थळ बांधून देणारी सेवा चालवणाऱ्या चमूस,

विषय: चढवलेले छायाचित्र आणि त्याखालची ओळ पाहणाऱ्यापर्यंत जशीच्या तशी पोहोचण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी डिचोली तालुक्यात राहतो. लग्ने, मुंजी आणि बारशी यांची छायाचित्रे काढणे हा माझा चरितार्थ आहे आणि उरलेल्या दिवसांत गोव्यातल्या जत्रा, शिगमो (आमचा शिमगा), चवथ (गणेशचतुर्थी) यांच्या मागे कॅमेरा घेऊन फिरणे ही माझी हौस आहे. गेली सहा वर्षे या दोन्ही कामांचे संकेतस्थळ आपल्या सेवेवर उभे आहे. आपले नाव मी या पत्रात मुद्दाम घेतलेले नाही, कारण ज्या उणिवा मी मांडणार आहे त्या एकट्या आपल्या नाहीत. माझ्या ओळखीतले फोंड्याचे, म्हापशाचे आणि मडगावचे छायाचित्रकार ज्या निरनिराळ्या सेवा वापरतात, त्यांतही त्या थोड्याफार फरकाने आढळतात. म्हणूनच हे पत्र मदत कक्षाकडे न धाडता उघडपणे लिहीत आहे.

आधी आपल्या पदरात जे टाकायला हवे ते टाकतो. संगणकाचे कसलेही शिक्षण नसलेल्या माझ्यासारख्या माणसाला एका रात्रीत स्वतःचे संकेतस्थळ उभे करता आले, ते आपल्यामुळे. गॅलरीतला क्रम बोटाने ओढून बदलता येतो, मुखपृष्ठावरचे छायाचित्र क्षणात पालटता येते आणि सहा वर्षांत संकेतस्थळ बंद पडल्याचे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच घडले. माझी तक्रार सोयीची नाही. आपल्या सेवेत छायाचित्राला ओझे समजले जाते आणि शब्दांना सजावट, ही माझी तक्रार आहे. ओझे म्हटले की ते हलके करण्याकडे कल होतो आणि सजावट म्हटली की ती कापली-छाटली तरी कोणाचे बिघडत नाही. आमचे मात्र नेमके तिथेच बिघडते.

रंगांपासून सुरुवात करतो. श्रावण-भाद्रपदात आमच्याकडची भातशेते ज्या हिरव्या रंगाची होतात आणि पावसाने भिजलेले जांभ्या दगडाचे चिरे ज्या तांबड्या रंगाचे दिसतात, ते दोन रंग सांभाळणे हे गोव्यात काम करणाऱ्या छायाचित्रकाराचे अर्धे कौशल्य आहे. मी छपाईच्या सोयीसाठी अ‍ॅडोबी आरजीबी या १९९८ सालच्या रंगपद्धतीत काम करतो. बहुतेक पडदे मात्र १९९६ साली पुढे आलेल्या एसआरजीबी या तुलनेने लहान रंगपद्धतीला धरून चालतात. यात काही वावगे नाही, कारण प्रत्येक फाइलसोबत तिची रंगओळख जोडलेली असते आणि ती वाचून रंगांचे रूपांतर करता येते. आपली यंत्रणा छायाचित्र लहान करताना ही रंगओळख पुसून टाकते, पण रूपांतर मात्र करत नाही. म्हणजे भाताचे माप वीस म्हणून सांगायचे, पण ते खंडीने मोजले की कुडवाने हे खोडून टाकायचे, असा हा व्यवहार आहे. आकडे तेच राहतात आणि रास बदलते. माझे हिरवे शेत वाळल्यासारखे दिसते, चिरे शेणाने सारवल्यासारखे दिसतात आणि नवरीच्या शालूचा रंग पाहून यजमान विचारतात की फोटो जुने आहेत का. आज ही अडचण केवळ व्यावसायिकांची राहिलेली नाही, कारण २०१६ पासूनचे आयफोनही मोठ्या रंगपद्धतीत छायाचित्रे टिपतात. रूपांतर करा किंवा रंगओळख जपा; दोहोंपैकी एक केले तरी पुरे, आणि दोन्ही केल्यास उत्तमच.

आता आकुंचनाविषयी. छायाचित्राचे वजन कमी केल्याशिवाय ते मोबाईलवर लवकर उघडणार नाही, हे मला मान्य आहे. सत्तरीतल्या गावांत रेंजचा जो लपंडाव चालतो तो मी रोज अनुभवतो. आपण मात्र प्रत्येक छायाचित्राला एकाच सुरीने कापता. चोर्ला घाटात जुलै महिन्यात काढलेल्या धुक्याच्या छायाचित्रात करड्या रंगाच्या शेकडो सूक्ष्म छटा एकमेकींत विरघळत जातात. आपल्या आकुंचनानंतर त्यांचे पट्टे पडतात आणि धुक्याच्या जागी कोणीतरी करड्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्यासारखे दिसते. दुसरे उदाहरण कुणबी साडीचे. तांबड्या धाग्यांतल्या बारीक चौकड्या हे त्या साडीचे सगळे वैभव. आकुंचन करताना उजेड-अंधाराचा तपशील पूर्ण ठेवून रंगाचा तपशील आडवा आणि उभा निम्मा करण्याची एक सर्वमान्य रीत आहे. म्हणजे रंगाची माहिती एक चतुर्थांशच उरते. निसर्गचित्रात ते डोळ्याला जाणवत नाही, पण तांबड्या चौकड्यांत लगेच जाणवते: रेघा फुगतात, कडा ओघळतात आणि विणलेली साडी छापील वाटू लागते. रंगाचा तपशील पूर्ण ठेवण्याची सोय जेपेग पद्धतीत आहे, तसेच एव्हीआयएफ या नव्या पद्धतीतही आहे. सगळ्या छायाचित्रांना ती लावा असे मी म्हणत नाही; गॅलरीतल्या ज्या चार-पाच चित्रांना तिची गरज आहे, त्यांच्यापुरती एक खूण करण्याची मुभा मला द्यावी, एवढेच म्हणतो.

याच ओघात चौकोनी छाटणीचे सांगून टाकतो. गॅलरीच्या पहिल्या पानावर आपण प्रत्येक छायाचित्राचा मधला चौकोन कापून दाखवता. मंगेशीच्या सात मजली दीपस्तंभाचे उभे छायाचित्र मी चढवले, तर आपल्या चौकोनात त्याचे मधले तीन मजले उरले. ना पाया, ना कळस. घोडेमोडणी या लोकनृत्याच्या छायाचित्रांत तर नर्तकाच्या कमरेचा लाकडी घोडा तेवढा दिसतो आणि स्वाराचे मस्तक गायब असते. चित्राचा जीव कुठे आहे तिथे बोट ठेवू द्या आणि छाटणी त्या बिंदूभोवती करा. अनेक लहान सेवा हे करतात, त्यामुळे ते अवघड असावे असे वाटत नाही.

हे सर्व झाले छायाचित्रांचे. या पत्राला खरे निमित्त मात्र शब्दांनी दिले आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वी मी ‘सत्तरीतील दऱ्या’ या नावाने एक गॅलरी प्रसिद्ध केली. म्हादईच्या खोऱ्यातली, धबधब्यांच्या वरच्या अंगाने काढलेली ती छायाचित्रे होती. दुसऱ्या दिवशी एका परिचिताचा निरोप आला की सत्तरीला समुद्र कधीपासून लागला. पाहतो तर पानावर ठळक अक्षरांत ‘सत्तरीतील दर्या’ असे झळकत होते. सत्तरी हा गोव्याच्या पूर्वेचा, सह्याद्रीला टेकलेला तालुका. तिथून समुद्र गाठायचा तर दुसरा तालुका ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. मी मजकूर दुरुस्त केला, साठवला, पुन्हा पाहिले, तर पुन्हा दर्या. माझाच हात चुकत असावा असे समजून मी तो शब्द चार वेळा टंकला.

कारण कळायला मला बरेच दिवस लागले. मराठीत ‘दऱ्या’मधला अर्धा र आणि ‘दर्या’मधला रफार हे दोन वेगळे लेखनप्रकार आहेत आणि त्यांच्यामुळे अर्थ बदलतो; लग्नाच्या आल्बमात ‘आचाऱ्यांना दक्षिणा’ आणि ‘आचार्यांना दक्षिणा’ यांत स्वयंपाकी आणि भटजी इतके अंतर पडते. हा अर्धा र संगणकात दोन रीतींनी साठवता येतो. एका रीतीत त्याच्यासाठी नुक्त्याचे स्वतंत्र अक्षर आहे. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि त्यापाठोपाठ एक न दिसणारे, शून्य रुंदीचे जोडचिन्ह येते. कोणता कळफलक कोणती रीत वापरतो हे टंकणाऱ्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. आपली यंत्रणा मजकूर साठवण्यापूर्वी ‘न दिसणारी’ चिन्हे केर समजून झाडून काढते. त्या केरात हे जोडचिन्हही जाते, मागे साधा र आणि हलन्त उरतो, त्याचा रफार होतो आणि दरीत समुद्र शिरतो. इंग्रजी मजकुरात अशी चिन्हे बहुधा खरोखरच केर असतात, त्यामुळे सफाई करणाऱ्याचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. देवनागरीत मात्र तो लेखनाचा भाग आहे आणि तो झाडणे म्हणजे लेखकाच्या नकळत त्याचा शब्द बदलणे होय.

दुसरी गोष्ट शिरोरेषेची. आपले बहुतेक साचे मथळ्यांतल्या अक्षरांमध्ये प्रशस्त अंतर सोडतात. रोमन लिपीला ते शोभत असेल. देवनागरीत अक्षरे एका रेषेला टांगलेली असतात आणि अंतर सोडले की ती रेषा जागोजागी तुटते. ‘कुंभारजुवेचा सांगोड’ (होड्यांवरून होणारा गणेशविसर्जनाचा सोहळा) हा मथळा मी पहिल्यांदा आपल्या साच्यात पाहिला, तेव्हा मुलांच्या दुधाच्या दातांसारखी फट पडलेली अक्षरे दिसली. साच्यात भाषा देवनागरीतली आहे असे कळताच हे अंतर शून्य व्हावे. तसेच, तिरक्या अक्षरांचा टंक (फॉन्ट) उपलब्ध नसताना सरळ अक्षरांनाच ढकलून तिरपे करण्याची जी सक्ती आपण फोटोओळींवर लादता, तीही थांबावी. मराठी छपाईत फोटोओळ तिरपी असलीच पाहिजे असा कोणताही दंडक नाही.

ओळीच्या उंचीचे तर नवलच आहे. ओळीची उंची आपण रोमन अक्षरांच्या मापाने बांधली आहे आणि त्याबाहेर जाणारे सर्व काही झाकले जाते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार अशी दोन्हीकडे वस्ती असते. ‘मोर्जी’ या गावाचा रफार कापला गेला की ते ‘मोजी’ होते. ज्या किनाऱ्यावर दर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, त्या गावाचे नाव नीट दिसावे अशी अपेक्षा फार मोठी नसावी.

लांब मथळे कापण्याची आपली रीतही अशीच. ठरावीक संख्येनंतर तोडून पुढे तीन टिंबे द्यायची, असा नियम दिसतो; पण ती संख्या अक्षरांची नसून संगणकाच्या आतल्या चिन्हांची आहे. त्यामुळे नार्वे येथील देवस्थानाच्या गॅलरीचे नाव ‘श्री सप्तकोटेश्…’ असे लंगडे होऊन थांबते, आणि संकेतस्थळाचे गोल बोधचिन्ह आपोआप तयार होताना ‘श्री’ऐवजी नुसता ‘श’ उरतो. वाचणाऱ्याला जे एक अक्षर दिसते तेच एक अक्षर म्हणून मोजण्याचे नियम युनिकोड या प्रमाण पद्धतीने ठरवून दिले आहेत. ते वापरायचे तेवढे बाकी आहे.

पानाच्या पत्त्याबाबत मात्र मी स्वतःच द्विधा आहे. आपण देवनागरी नाव दिसताच ते पूर्ण टाकून देता आणि पत्त्यात केवळ एक क्रमांक ठेवता, त्यामुळे माझ्या सर्व गॅलऱ्या कोठारातल्या गोण्यांसारख्या क्रमांकांनी ओळखल्या जातात. देवनागरी जशीच्या तशी ठेवली, तर दुसरे संकट उभे राहते: प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे आणि पत्ता दुसरीकडे चिकटवताना प्रत्येक बाइटची तीन चिन्हे होतात, म्हणून ‘शिगमो’ या इवल्याशा शब्दाची पंचेचाळीस चिन्हांची अगम्य रांग व्हॉट्सअ‍ॅपवर जाते आणि लोक ती फसवणुकीचा दुवा समजून उघडत नाहीत. माझ्या मते पत्त्याचा भाग छायाचित्रकाराला स्वतः लिहू द्यावा आणि त्याने तो लिहिला नाही तर मराठी नावाचे रोमन लिप्यंतर सुचवावे. ज्याला पूर्ण देवनागरी हवी असेल त्याला तीही मिळावी. २०१४ पासून डॉट भारत हे देवनागरी क्षेत्रनाव उपलब्ध आहे आणि आपली सेवा ते जोडूच देत नाही, ही गोष्ट मला अजून पटलेली नाही.

या साऱ्याच्या मुळाशी एक छोटीशी खूण आहे. प्रत्येक पान कोणत्या भाषेत आहे हे न्याहाळकाला (ब्राउझरला) सांगण्याची एक जागा असते आणि आपल्या सेवेवरच्या प्रत्येक पानावर तिथे ‘इंग्रजी’ असे लिहिलेले असते, मग त्या पानावर इंग्रजीचा एक शब्द नसला तरी. त्यामुळे दृष्टिहीन वाचकाचे वाचक-यंत्र मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचू पाहते किंवा गप्प बसते. टंकही फसतो. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांना मराठीची प्रमाण रूपे म्हटले, आणि नोटोसारख्या मुक्त परवान्याच्या टंकांत हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणे एकाच फाइलमध्ये असतात. पान मराठीत आहे असे सांगितले तरच मराठी वळण उमटते. आपण भाषा सांगत नाही, म्हणून टंकात असलेले अक्षरही आम्हाला मिळत नाही. भाषेची निवड आपल्या मांडणी-पानावर ठेवायला किती वेळ लागेल, याचा अंदाज आपणच करावा.

गोव्यात ही निवड एकाच भाषेची असून भागत नाही, हेही इथे नोंदवतो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही आमची राजभाषा झाली आणि शासकीय कामासाठी मराठीलाही मुभा राहिली. शिवाय रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोकणीत वाचणारा मोठा समाज आहे आणि पर्यटकांसाठी इंग्रजी लागते. मी सांजावच्या, म्हणजे संत जॉनच्या सणाच्या, दिवशी काढलेली छायाचित्रे दाखवतो, तेव्हा विहिरीत उड्या घेणाऱ्या मुलांच्या घरच्यांना ओळ रोमीत हवी असते आणि डिचोलीच्या ग्राहकाला मराठीत. आज मला त्यासाठी एकाच गॅलरीच्या तीन प्रती कराव्या लागतात आणि एक छायाचित्र बदलले की तिन्हीकडे बदलावे लागते. छायाचित्र एकच असावे आणि त्याला हव्या तितक्या भाषांतल्या ओळी जोडता याव्यात. दृष्टिहीनांसाठीचे वर्णनही तसेच, प्रत्येक भाषेत वेगळे लिहिता यावे.

फोटोओळीला आपण सजावट मानता असे मी वर म्हटले, त्याचे सर्वांत बोलके उदाहरण माटोळीचे आहे. चवथीला गणपतीच्या वर लाकडी चौकटीला बांधलेली माटोळी म्हणजे रानातल्या, परसातल्या फळाफुलांची आरासच. कवंडाळ, घागऱ्या, तिरफळांचे घोस, सुपारीचे कात्रे, नारळाची पेंड असे कितीतरी जिन्नस तिला लटकलेले असतात. तिचे छायाचित्र नावांशिवाय अपुरे आहे, कारण पुढच्या पिढीला फळ दिसेल पण ते काय हे कळणार नाही. मी एका माटोळीखाली तिच्यातल्या प्रत्येक जिनसाचे नाव लिहिले. आपल्या सेवेने दोन ओळींनंतरचा मजकूर एका बाणामागे दडवला, मोबाईलवर तो बाण छायाचित्राच्याच रंगात मिसळला, आणि ‘घागऱ्या’चे काय झाले असेल हे आता आपल्या लक्षात आलेच असेल. फोटोओळीची लांबी छायाचित्रकाराने ठरवावी.

आता नावाविषयी, म्हणजे माझ्या स्वतःच्या नावाविषयी. प्रत्येक छायाचित्राच्या फाइलमध्ये निर्मात्याचे नाव, हक्काची नोंद आणि संपर्क लिहिण्यासाठी आयपीटीसी नावाची प्रमाण पद्धत आहे आणि मी ती प्रत्येक फाइलमध्ये भरतो. गूगलच्या छायाचित्र-शोधात २०१८ पासून ही श्रेयनोंद दाखवली जाते. आपल्या सेवेतून बाहेर पडणाऱ्या प्रतींत ती कोरी असते. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने एक कलम आले असून त्यानुसार हक्कांची अशी नोंद जाणूनबुजून आणि अधिकाराशिवाय काढून टाकणे हा गुन्हा ठरतो. आपण तो करता असा आरोप मी करत नाही. फाइल चार किलोबाइटांनी हलकी करण्याच्या नादात हे घडते, हे मी जाणतो. पण माझे छायाचित्र कोणी उचलून एखाद्या हॉटेलच्या जाहिरातीत लावले, तर ते माझे आहे हे सांगणारी फाइलमधली एकमेव खूण आपण आधीच पुसलेली असते.

गंमत अशी, की जे पुसायला हवे ते मात्र आपण ठेवता. ‘मूळ फाइल उतरवा’ ही सोय ग्राहकाला दिली की त्या फाइलमध्ये ठिकाणाचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे असतात. गालजीबाग किंवा आगोंदच्या किनाऱ्यावरच्या कासवाच्या घरट्याचे नेमके स्थान, एखाद्या खासगी घराचे अंगण, लग्नघराचा पत्ता हे सगळे त्यासोबत फिरते. गोव्यात याचे परिणाम आम्ही पाहिलेले आहेत. पर्राच्या माडांच्या रस्त्यावर छायाचित्रे काढणाऱ्यांची इतकी झुंबड उडू लागली की २०१९ मध्ये तिथल्या पंचायतीने छायाचित्रणावर शुल्क आकारले. पणजीच्या फोंताइन्हासमधल्या रहिवाशांनी दारासमोर छायाचित्रे काढू नयेत म्हणून पाट्या लावल्या. याचा सगळा दोष अक्षांश-रेखांशांना देता येणार नाही, पण त्यात आपण भर घालू नये. नाव आपोआप राहावे आणि ठिकाण आपोआप जावे; ज्याला उलट हवे असेल त्याने ते स्वतः निवडावे.

लग्नाच्या खासगी गॅलऱ्यांबद्दल थोडक्यात लिहितो. आठशे छायाचित्रांतून आल्बमसाठी शंभर निवडण्याचे काम आमच्याकडे नवरा-नवरी एकटे करत नाहीत. त्यात आजी असते, मामा असतात, दुबईला असलेला थोरला भाऊ असतो. आपण प्रत्येकाकडे ईमेल मागता. आजीला ईमेल नाही, मामांना तो उघडता येत नाही, आणि मग सगळे एकाच खात्यातून आत शिरतात व एकमेकांच्या खुणा पुसतात. मोबाईल क्रमांकाने किंवा साध्या चार अंकी संकेताने प्रवेश मिळाला, प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या राहिल्या आणि शेवटी निवडलेल्या फाइलींच्या नावांची यादी मला एका झटक्यात मिळाली, तर माझ्या आठवड्यातले दोन दिवस वाचतील. गॅलरी किती दिवसांनी आपोआप मिटावी हेही ठरवता यावे. लहान मुलांची छायाचित्रे वर्षानुवर्षे दुव्यावर पडून राहणे मला बरे वाटत नाही.

चढवताना वीज गेली की शंभरातली त्रेसष्टावी फाइल अर्धी राहते आणि सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते. आषाढात वाळपईच्या बाजूला दिवसातून किती वेळा वीज जाते हे मी इथे लिहीत नाही. जिथे तुटले तिथून पुढे चालू व्हावे.

पैशांची गोष्ट. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरच्या आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी ग्राहकाची नोंदवलेली संमती आणि किमान २४ तास आधीची सूचना लागते. दर वेळी ओटीपी न मागता अशी वसुली करण्याची त्या वेळची ५,००० रुपयांची मर्यादा जून २०२२ मध्ये १५,००० रुपये झाली. आपली यंत्रणा ही संमती घेतच नाही, त्यामुळे माझी वार्षिक वर्गणी बँक नाकारते आणि आपण ती थकबाकी समजून संकेतस्थळ झाकता. गेल्या वर्षी हे तुळशीच्या लग्नानंतरच्या आठवड्यात, म्हणजे लग्नसराईच्या तोंडावर घडले आणि तीन दिवस माझ्या पत्त्यावर ‘हे संकेतस्थळ उपलब्ध नाही’ अशी पाटी होती. रुपयांत किंमत, यूपीआयने भरणा, पावतीवर जीएसटी क्रमांक आणि थकले तरी पंधरा दिवसांची सवलत, या चार गोष्टी कराव्यात.

आणि एक अवघड मागणी. उद्या मी आपली सेवा सोडायची ठरवली, तर आज मला छायाचित्रे एकेक करून उतरवावी लागतील आणि फोटोओळी हाताने उतरवून काढाव्या लागतील. मूळ फाइली, त्यांचा क्रम, सर्व भाषांतल्या ओळी आणि गॅलऱ्यांची नावे एका गाठोड्यात बांधून मिळावीत. सोडून जाण्याची वाट मोकळी ठेवल्याने ग्राहक जातात असा आपला समज असेल, तर माझ्यापुरते सांगतो की सहा वर्षांत मी गेलो नाही ते फोटोओळी पुन्हा टंकण्याच्या कंटाळ्यापायी, आणि अशा कारणाने टिकलेला ग्राहक कोणत्याही दुकानदाराला भूषणावह नसतो.

चाचणीसाठी उपयोगी पडावे म्हणून मी सहा छायाचित्रे आणि शब्दांची एक यादी आपल्या मदत कक्षाकडे वेगळी पाठवली आहे. छायाचित्रांत चोर्ला घाटातले धुके, कुणबी साडी, भाद्रपदातले शेत, चिऱ्यांची भिजलेली भिंत, मंगेशीचा दीपस्तंभ आणि एक माटोळी आहे. यादीत दऱ्या, दर्या, घागऱ्या, आचाऱ्यांना, मोर्जी, सांगोड आणि श्री सप्तकोटेश्वर असे शब्द असून ‘दऱ्या’ हा शब्द दोन्ही रीतींनी टंकलेला आहे. हे सर्व एकदा आपल्या सेवेतून पार करून पाहावे आणि पलीकडे काय निघते ते मूळाशी ताडून बघावे. काही विचारायचे असल्यास चवथीच्या आधीचे पंधरा दिवस मी मोकळा असतो. त्यानंतर उत्सव आणि तुळशीच्या लग्नापासून लग्नसराई सुरू झाली की मला फोन उचलायलाही सवड होत नाही.

कळावे.

आपला,
डिचोलीचा एक छायाचित्रकार